चिमटा

गेल्या पावसाळ्यात एका तक्त्याच्या रकान्यात मी 'अज्ञात' असं टंकलं आणि तो शब्द पुढे सहा महिने माझ्या मागे लागला.

झालं ते एवढंच. काका गेल्यावर त्यांच्या लाकडी कपाटातल्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेत होते. एका संस्थेला अशी जुनी घरगुती ध्वनिमुद्रणं हवी होती. त्यांनी तक्ता पाठवला होता: वर्ष, ठिकाण, प्रकार, भाषा, वाद्ये, गायक वा गायिका. चवथीला घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेल्या आरत्या, भजनं, कुणाच्या तरी मुंजीतली मंगलाष्टकं असं भरत भरत मी एका करड्या कॅसेटपाशी आले. कागदाच्या पट्टीवर काकांचं तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर: 'धालो. आपल्या अंगणात. गावड्यांच्या बाया. १९८३.' धालो म्हणजे पौषातल्या रात्री बायांनी रांगा करून, नाचत म्हणायची गाणी. खाली बारीक अक्षरात आणखी बरंच काही. टेपरेकॉर्डर कुठला, तो कुवेतहून कुणी आणला, माईक तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला होता, वारा नव्हता. वाऱ्याची नोंद होती. बायांच्या नावांची नव्हती. मी 'गायिका'पाशी दोन क्षण थांबले, 'अज्ञात' लिहिलं आणि मान वर केली. खिडकीतून आमची विहीर दिसत होती, विहिरीपलीकडे माडांची रांग, आणि माडांमधून दिसणारी चार घरांची कौलं. त्या बाया त्या घरांतल्या. चालत गेलं तर अडीच मिनिटं लागतात.

अज्ञात कुणाला?

आमचं घर फोंडा तालुक्यात, कुळागरांच्या पट्ट्यात. सुपारी, नारळ, मिरवेल, केळी, मधून वाहणारा पाट आणि वर्षभर ओलसर असणारी सावली. पणजीतला फ्लॅट बंद करून मी पावसाळ्यापुरती इथे येऊन राहिले होते ते या कॅसेटींसाठीच. जुन्या कॅसेटींचं काम संगीताचं कमी आणि सुश्रूषेचं जास्त असतं, हे मला तेव्हा कळलं. एकीच्या आतली लोकरीची चिमुकली गादी गळून पडलेली, ती दुसरीतून काढून चिमट्याने बसवायची. फीत चिकटलेली असली की पेन्सिल घालून सैल करायची, पुन्हा आवळायची. गोव्याच्या हवेत बुरशी कशालाही सोडत नाही, फितीच्या कडेलाही तिची पांढरी रेघ येते. ती मऊ कापडाने पुसताना वाटायचं, आपण कुणाचा तरी घसा साफ करतोय.

काकांना गाण्याचं वेड होतं आणि त्यांच्या वेडाला पायऱ्या होत्या. सगळ्यात वर गायिका केसरबाई केरकर. त्यांचं गाव केरी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे जवळपास भाऊबंदकीच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर ज्या सोनेरी तबकड्या बसवल्या, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे, ही गोष्ट सांगून झाल्याशिवाय काका पाहुण्याला चहाचा दुसरा घोट घेऊ देत नसत. त्या खालच्या पायरीवर नाट्यसंगीत, मग भजन, मग घुमट. घुमटाच्या बाबतीत ते फार हळवे. घोरपडीचं चामडं वन्यजीव कायद्यामुळे गेलं आणि बकऱ्याचं आलं, तेव्हा 'नाद गेला' म्हणून त्यांनी आठवडाभर तोंड पाडलं होतं. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला, त्या दिवशी तेच काका पेढे वाटत होते. धालो त्यांच्या शिडीच्या अगदी तळाशी. तरी त्यांनी ते टेप केले, हे मला त्यांच्याबद्दल नेहमी सांगावंसं वाटतं. आणि त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, अर्धे धालो पुसून, त्यांनी रेडिओवरचं एक नाट्यपद चढवलं होतं. हेही सांगायला हवं. बाया एका ओळीच्या मधोमध तुटतात आणि ऑर्गन सुरू होतो.

मी लहानपणी धालो पाहिले नाहीत, ऐकले. पौष महिना, चांदणं, आणि आमच्याकडची ती नावापुरती थंडी. आजी मला गोधडीत गुंडाळून झोपवायची आणि खिडकी अर्धी लोटायची, पूर्ण कधीच नाही. पलीकडच्या मांडावरून, म्हणजे धाल्यांच्या ठरलेल्या जागेवरून, आवाज यायचा. एक रांग म्हणे, दुसरी उचलून घेई. पाट ओलांडून येईपर्यंत शब्द विरघळून गेलेले असत, नुसती चाल उरे. वाद्य नाही, टाळी नाही. पावलं मात्र कळायची, सारवलेल्या जमिनीवर एकदम पडणारी, पुढे आणि मागे. रात्र चढली की चाल तुटून फुगडीचा दणका सुरू व्हायचा आणि आजी म्हणायची, "झोप आता, त्यांचं आता पहाटेपर्यंत." त्यांचं. हा शब्द आमच्या घरात फार सोपा होता.

दुपारी सुपारी सोलताना हीच आजी ती चाल गुणगुणायची. ओठ मिटून, फक्त नाकातून. मी जवळ गेले की थांबायची आणि अभंग धरायची. तिला ती चाल आवडायची आणि ती आवडते हे कुणाला दिसू नये असंही वाटायचं. लावणीला, कापणीला, सुपारी वेचायला त्याच बायका आमच्याकडे यायच्या, आणि कामाच्या तालावर त्यांची गाणी आमच्या अंगणात, न्हाणीघरामागे, वाफ्यांच्या कडेने हिंडत असायची. गाण्याला आत यायला मज्जाव नव्हता. बायका सोप्याच्या पायरीपर्यंत यायच्या. सात-आठ वर्षांची मी, माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने, 'गो' लावून हाक मारायची. त्या मला 'बाय' म्हणायच्या. मला यात काहीही वावगं वाटत नव्हतं, आणि आता हे लिहिताना बोटं अडखळतात, त्याचा त्यांना आता काय उपयोग!

काकांनी ते धालो टेप केले तेव्हा कूळ कायदा येऊन १९ वर्षं झाली होती, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीच्या मुंडकार कायद्याला ८. भाटकार म्हणजे जमीनमालक, म्हणजे आम्ही. कागदावर पुष्कळ काही बदललं होतं. काहींच्या नावावर शेताचे तुकडे झाले होते, घराखालची जमीन कुणी त्यांच्या पायांखालून काढून घेऊ शकत नव्हतं. पण भाटकाराने 'संध्याकाळी अंगणात या, धालो म्हणायचे आहेत' असा निरोप धाडला तर 'नाही' कोण म्हणणार? त्या आल्या. वर्ष पट्टीवर आहे, महिना नाही. पौष नव्हता, हे मला नंतर कळलं.

श्रावणातल्या एका उघडिपीत मी फोनमध्ये ते ध्वनिमुद्रण घालून पाट ओलांडला. सोबत नारळाच्या वड्या नेल्या. रिकाम्या हातांनी जायची लाज वाटली आणि वड्या घेऊन जायचीही वाटली. मावशी चुलीपुढे बसून रानभाजी निवडत होती. तिला मी गेली काही वर्षं 'मावशी' म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं होतं, मागे कुणी उभं आहे का म्हणून. आता सरावली आहे, तरी ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलतंच. "बस गो बाय," म्हणाली, आणि पाट पुढे सरकवला.

मी फोन जमिनीवर ठेवून सुरू केलं. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खाकरलं. मग आवाज.

भाजी निवडणारे हात थांबले.

"खंय मेळ्ळें हें तुका?"

काकांच्या कपाटात, म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. मान एका बाजूला कलवून ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती नावं सांगेल: ही अमकी, ती तमकी. ती आवाज ओळखत नव्हती, जागा ओळखत होती. कोण ओळ सुरू करते, कोण शेवटचा स्वर जरा जास्त ओढते, कोणाला दम लागतो, कोण नेहमी अर्धं पाऊल आधी पडते. "ही मांय," ती म्हणाली. मांय म्हणजे तिची सासू. "ती पयल्यान सुरू करताली." मग आणखी दोघी, मग आणखी. सात जणी तिने नुसत्या खरखरीतून वेचून काढल्या. भाजी निवडावी तशा. त्यांपैकी आज दोघी आहेत. एक ही, आणि दुसरी मुलीकडे सांग्याला असते, तिला आता ऐकू येत नाही.

तिसऱ्या गाण्यात एक जागा होती. त्या जागेने मला महिनाभर छळलं होतं. पहिली रांग ओळ म्हणते, दुसरी उचलते, असं चार वेळा होतं. पाचव्या वेळी एकच कोवळा आवाज वर येतो, 'भा' इतकंच म्हणतो आणि तुटतो. मग काही नाही. मी मोजलं होतं, साडेतीन सेकंद. मग कुणाचा तरी श्वास, दाबलेलं हसू, आणि मग सगळ्या एकदम दुसरीच ओळ म्हणू लागतात, जरा मोठ्याने, जरा घाईत. मला वाटलं फीत खराब झाली आहे. मी तो तुकडा तीन यंत्रांवर वाजवून पाहिला, डोकी स्पिरिटने पुसली, वेग बदलून पाहिला. शेवटी तक्त्यात शेरा मारला: 'ध्वनिदोष, ३ ते ४ सेकंद.'

ती जागा आली आणि मावशी पदराने तोंड झाकून हसायला लागली. पाणी येईपर्यंत हसली. आतून सून बाहेर आली, काय झालं म्हणून.

"ती हांव," मावशी म्हणाली.

लग्न होऊन ती चारच महिन्यांपूर्वी या वाड्यावर आली होती. माहेर काणकोणच्या बाजूला, तिथल्या मांडावर हे कडवं सगळ्या छाती भरून म्हणत. इथेही म्हणत, पण मांडावर. भाटकाराच्या अंगणात आज हे कडवं गाळायचं, हे इतर बायांना सांगावं लागलं नव्हतं. त्यांना ते येता येता, पाट ओलांडतानाच ठाऊक होतं. नव्या सुनेला कोण सांगणार? तिने आपली नेहमीसारखी ओळ उचलली. धाल्यांना बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या असतात. शेजारी सासू होती. सासूने हात न हलवता, चेहरा न हलवता, कमरेला असा चिमटा काढला की पोरीचा श्वास अडकला. तिने दचकून पलीकडचीला घट्ट धरलं, पलीकडचीने तिच्या पुढचीला. चिमटा रांगेच्या टोकापर्यंत गेला. सोप्यावर खुर्चीत काका बसले होते, शेजारी आजोबा, आणि तुळशीच्या कट्ट्यावर माईक.

"भाटकार बसलो आशिल्लो न्हय मुखार?" मावशीने मला अगदी साधं काही समजावून सांगावं तसं सांगितलं. त्या भाटकाराची नात समोर पाटावर बसली आहे, हे एकतर ती विसरली होती, किंवा अजिबात विसरली नव्हती.

मी विचारलं, काय होतं त्या कडव्यात?

तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने तिच्याकडे. दोघी पुन्हा हसल्या. मग मावशीने भाजीचं सूप पुढे ओढलं आणि म्हणाली, पाऊस यायच्या आत घरी जा, पाटाला पाणी चढतं.

मी निघाले तेव्हा दारातून तिने आणखी एक गोष्ट सांगितली, सहज, चपला घालत असलेल्या माणसाला सांगावी तशी. "नमन ना हातूंत. आयकलें मगे तुवें?" मी ऐकलं नव्हतं. म्हणजे नसलेलं कसं ऐकणार? धाल्यांची सुरुवात नमनाने होते. धरतरीला, मांडाला, गावच्या देवांना हाळी घातल्याशिवाय पाऊल उचलायचं नसतं. त्या संध्याकाळी त्यांनी नमन घातलंच नव्हतं. पौष नाही, मांड नाही, मग नमन कुठलं? त्यामुळे ते धालोही नव्हेत. "मांडार म्हणल्यार धालो," ती म्हणाली. काकांच्या अंगणात झाला तो नुसता खेळ, चालीचा. कडवं नंतर गाळलं. देव आधीच घरी ठेवून आल्या होत्या.

त्या रात्री मी झोपले नाही असं म्हणणं नाटकी होईल. झोपले. पण आधी बराच वेळ हेडफोन लावून ते साडेतीन सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले. ज्याला मी ध्वनिदोष म्हटलं होतं त्यात एक रांग होती, सात कमरा आणि सात हात, आणि पाहता पाहता टोकापर्यंत पोचलेला एक निर्णय. काकांना वाटत होतं ते बायांचं गाणं जपून ठेवताहेत. बायाही जपतच होत्या. काय द्यायचं, काय ठेवून घ्यायचं, हे त्यांचं पाट ओलांडतानाच ठरलं होतं. आमच्या कपाटात ४० वर्षं जे राहिलं ते आमच्यासाठी काढलेलं होतं, पाहुण्यांना वेगळ्या ताटात वाढतात तसं. मला राग आला का? थोडा आला. आपल्याला पूर्ण दिलं नाही याचा राग. मग त्या रागाचंच हसू आलं. पूर्ण का द्यावं त्यांनी?

दुसऱ्या दिवशी मावशीची नात आली. फोंड्याला कॉलेजात आहे, स्कूटरवरून हेल्मेट न काढताच बोलते. तिने आपल्या पणजीचा, म्हणजे मावशीच्या सासूचा, आवाज ऐकायला मागितला. मी फोनवर पाठवायला घेतलं आणि तेव्हा लक्षात आलं की संस्थेला ही फाइल मी तीन आठवड्यांपूर्वी पाठवली होती. ज्यांचे आवाज, त्यांना नाही. सुचलंच नव्हतं. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "विचारायला पाहिजे होतं ना?" भांडण नाही, आवाज चढवणं नाही, सिग्नल लाल होता ना, असं विचारावं तसं. तिच्या पिढीला हे प्रश्न विचारता येतात. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, म्हणजे तिच्या जन्माच्या थोडं आधी. तिच्या आजीने तोवर अर्धं आयुष्य त्या कागदाविना काढलं होतं. २०११ मध्ये दक्षिण गोव्यातल्या बाळ्ळीला याच हक्कांसाठीच्या आंदोलनात दोन तरुण जिवाला मुकले, ते तिने शाळेत असताना घरच्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी संस्थेला पत्र लिहिलं, ही फाइल थांबवा, घरच्यांची परवानगी घ्यायची आहे. नातीने दरम्यान पणजीच्या आवाजातला तुकडा कापून रिंगटोन केला. आता तिला फोन आला की १९८३ सालची एक बाई मुखावरून वारा गेल्यासारखी ओळ उचलते, आणि नात म्हणते, "हॅलो, बोल."

ही नात गाणी लिहूनही काढते आहे. दोनशे पानी वही, निळं शाई-पेन. मला तिने मुखपृष्ठ दाखवलं, आतली पानं दाखवली नाहीत. काही पानं घडी घालून स्टेपल केलेली होती, एवढं दिसलं.

मंचाबद्दलही सांगायला हवं, नाहीतर वाटेल की मावशी काही रुसून बसलेली बाई आहे. ती आणि तिचा गट एका सरकारी महोत्सवात धालो घेऊन गेला होता. मी त्याबद्दल नाक मुरडायच्या तयारीत होते: आठ मिनिटं, सगळ्यांना सारखी लाल चौकटीची साडी, प्रत्येक रांगेसमोर एक माईक, आणि निवेदक म्हणणार 'आता यानंतर'. मावशीला ते सगळं आवडलं होतं. बस आवडली, दिवे आवडले, जेवणाचं पाकीट आवडलं. मानधनातून तिने प्रेशर कुकर घेतला, तो तिने मला आतून आणून दाखवला, अजून चकचकीत. भिंतीवर त्या कार्यक्रमाचा फोटो आहे, देवाच्या तसबिरीशेजारी. मी विचारलं, तिथे नमन घातलं का? "घातलें मगे," ती म्हणाली, "पूण तें मंचाचें." मंचाचं नमन वेगळं, मांडाचं वेगळं. तिच्या डोक्यात या गोष्टींचे डबे अगदी नीट लावलेले आहेत, झाकणासकट. गोंधळ झाला आहे तो आमच्यासारख्यांचा, ज्यांना एकच डबा ठाऊक, त्यावर 'लोककला' असं लिहिलेला.

तक्त्यात 'भाषा' हा रकाना होता. मराठी की कोंकणी, एकच निवडायचं, दोन्हींवर टिचकी मारता येत नव्हती. गोव्यात हा प्रश्न कुणाला विचारू नये. राजभाषेचा कायदा १९८७ चा, पण काही घरांत त्यावरून अजून चहा थंड होतो. त्या गाण्यात पहिलं कडवं सरळ मराठी वळणाचं, दुसऱ्यात कोंकणी क्रियापदं येतात, तिसऱ्यात एकाच ओळीत दोन्ही फुगडी घालतात. मी आयुष्यभर मराठीत लिहिलं आणि घरच्या माणसांशी, मावशीशी, बाजारात कोंकणी बोलले. मला त्या ओळी आमच्या घरासारख्याच वाटल्या. मावशीला विचारलं. "भाशेचें कितें? धाल्याची भास." रकाना मी रिकामा सोडला. संगणकाने लाल चौकट दाखवली.

आणि 'गायिका'. मावशीच्या सांगण्यावरून मी कॅसेटच्या पट्टीवर सात नावं लिहिली, काकांच्या अक्षराखाली, माझ्या अक्षरात. जागा पुरेना, शेवटची दोन कडेने उभी लिहावी लागली. ती नावं मी इथे देत नाहीये. सहा जणींची घरं हो म्हणाली, एका घराने सांगितलं, नको, आमच्या आजीचं नाव तुमच्या कागदावर नको. का, ते सांगितलं नाही. त्या घराचं आणि आमच्या घराचं जमिनीवरून काही झालं होतं, एवढं मला अंधुक आठवतं. मग इथेही सातही नको, असं ठरवलं. तक्त्यात सहा नावं आहेत आणि एक रिकामी जागा. तिथेही 'अज्ञात' लिहिलेलं नाही.

पौषात मावशीने बोलावलं. म्हणजे पाटापलीकडून ओरडून सांगितलं, "येशी जाल्यार यो. फोन घरा दवर."

फोन ठेवला. शाल घेतली, टॉर्च घेतला. मांड शेणाने सारवून घेतलेला, चपला कडेला काढायच्या. मी कडेला, म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसले. कुणीतरी भाजलेल्या काजूबियांची मूठ माझ्या हातात दिली. नमन झालं. ते मी आयुष्यात पहिल्यांदा शब्दांसकट ऐकलं आणि ते कसं होतं हे लिहिणार नाही. मग दोन रांगा, कमरेत हात, पुढे तीन पावलं, वाकणं, मागे तीन पावलं. सारवलेल्या जमिनीचा वास पावलांनी उठत होता. मावशी आता सासूच्या जागी होती, तिच्या शेजारी सून, टोकाला जीन्सवर साडी गुंडाळलेली नात. लहानपणी खिडकीतून जी चाल विरघळून यायची, तिला इथे हाडं होती.

कितवं गाणं ते मोजलं नाही, पण सुरुवातीच्या ओळीवरून ओळखलं. एक रांग, दुसरी रांग. चार वेळा. मी काजू चावायची थांबले. पाचव्या वेळी रांग वाकून वर आली, मावशीने तोंड उघडलं, आणि तिची नजर कडेला बसलेल्या माझ्यावरून गेली.

साडेतीन सेकंद असतील.

मग सगळ्या दुसरी ओळ म्हणू लागल्या, जरा मोठ्याने, जरा घाईत. टोकाची नात खाली बघून हसत होती. कुणाच्या कमरेला कुणी चिमटा काढला ते चांदण्यात दिसलं नाही.

ते गाणं संपल्यावर मी शेजारच्या आजींना म्हटलं, थंडी लागते, जाते. त्यांनी मान हलवली, थांबवलं नाही. चपला घातल्या. पौर्णिमेच्या आसपासचं चांदणं होतं, पाटावरची फळी स्वच्छ दिसत होती, तरी मी टॉर्च लावला. प्रकाश मुद्दाम जरा वर धरला, माडांच्या खोडांवर पडेल असा, म्हणजे मांडावरून दिसावं की मी निघाले, पाट ओलांडला, विहिरीपाशी पोचले. घराचं दार उघडून आत गेले, कडी मोठ्याने घातली. आणि खिडकी, आजी ठेवायची तशी अर्धी न ठेवता, पूर्ण लावून घेतली.